वीज काढली तर पाण्याचा कस जातो का?

मागच्या बैठकीत गटाच्या पिठाच्या गिरणीचे वीजबिल वाचून दाखवले, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "धरणात वीज काढून घेतलेलं पाणी पिकाला देऊन काय उपयोग? सगळा कस गेलेला असतो." निम्म्या जणींनी माना डोलावल्या. आम्ही हसलो नाही, कारण पाण्यातून नेमके काय काढतात हे आम्हालाही धड सांगता येत नव्हते. मग आम्ही आपल्या कोयनेचीच माहिती काढली.

हंडा डोक्यावर चढवताना आपली ताकद लागते. ती वाया जात नाही, हंडा वर असेपर्यंत त्यात साठून राहते. हंडा हातातून सुटला की तीच ताकद जमिनीवर आदळते. कोयनेत हा हंडा सूर्य चढवतो. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ढग सह्याद्रीवर बरसतात आणि ते पाणी शिवाजीसागरात उंचावर अडते.

तिथून ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्याने पश्चिमेला, चिपळूणच्या बाजूच्या पोफळीकडे नेतात आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडतात. खाली त्याची जोरकस धार एका चाकाच्या पात्यांवर बसते. चाक फिरले की त्याला जोडलेले मोठे चुंबक तांब्याच्या तारांच्या वेटोळ्यात फिरते आणि तारेत वीज तयार होते. पाणी तारेला शिवतसुद्धा नाही! पाण्याचा फक्त जोर घेतला जातो. चव, क्षार, ओलावा सगळे होते तसेच राहते.

हिशोबही करून पाहिला. आपल्या पंधरा लिटरच्या हंड्याने पासष्ट-सत्तर हंडे, म्हणजे हजारेक लिटर पाणी तेवढे खाली आले की साधारण एक युनिट मिळते. दहा हॉर्सपॉवरची गिरणी त्यावर आठ मिनिटे चालते. दळण टाकून गप्पा मारेपर्यंत संपले! धरणाच्या पायथ्याला लहान वीजघर आहे. तिथे उंची कमी, म्हणून एका युनिटला पाणी कितीतरी पट जास्त लागते.

पण पायथ्याचे ते पाणी नदीतच उतरते, कराडला कृष्णेला मिळते आणि वाटेत आपल्या शेतांना लागते. त्यावर ऊस कसा वाढतो ते आपण बघतोच. पोफळीचे पाणी मात्र पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज देऊन वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते, ते घाटावर परत येत नाही. म्हणून तर कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पाऊस कमी झाला की वीज आधी की शेती, हा वाद त्याच पाण्याचा असतो. कस जाण्याची काळजी नको, पाणी किती आणि कुठे जाते ते मात्र ग्रामसभेत विचारायला हवे.

काकूंना हे पटले. मग म्हणाल्या, "पाणी पावसाचं, चढवणारा सूर्य, मग बिल एवढं कसं येतं गं?" त्यासाठी पुढच्या बैठकीला वायरमन भाऊंना बोलावले आहे.