आभासी पोट, खरा हात

हिंगोलीच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. तिथले काही विद्यार्थी पुढे सर्जन होतील. त्यांच्या हाताला पहिलं वळण रुग्णाच्या अंगावरच का लागावं?

त्याला एक पर्याय म्हणजे यंत्रावरचा आभासी सराव. त्यात डोळ्यांवरच्या चष्म्यातून पोटाचा आतला भाग दिसतो. अवजारांना जोडलेल्या मोटारी उलटा जोर लावतात, त्यामुळे यकृत मऊ लागतं, हाड अडतं. डोळ्यांना सेकंदाला ९० चित्रं पुरतात. स्पर्श खरा वाटायला मात्र त्या उलट्या जोराचा हिशेब सेकंदाला सुमारे १००० वेळा करावा लागतो. मऊ अवयव दाबला, कापला की आकार बदलतो, आणि तो बदल इतक्या वेगाने मोजणं फार अवघड. यंत्रं महाग होण्याचं हे एक मोठं कारण.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासात १६ निवासी डॉक्टर होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्ताशय सोडवताना, आभासी सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट निघाली. आणि त्या सरावयंत्रात स्पर्शाची सोय नव्हतीच! म्हणून नव्या महाविद्यालयांनी महागड्या यंत्रासाठी अडून राहू नये, असं मला मनापासून वाटतं. कॅमेरा बसवलेल्या साध्या सरावपेटीत टाके आणि गाठी आजही शिकता येतात.