स्टिक वाकते तेव्हा

६ नोव्हेंबर २०२५ला, गुरुवारी सकाळी, आपल्याकडे पहिला चहा होत होता, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर ओव्हेच्किनने ९००वा गोल केला. एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये हा आकडा गाठणारा तो पहिलाच, तोही वयाच्या ४०व्या वर्षी. बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली आहे. मला मात्र तो गोल कसा झाला याचंच जास्त अप्रूप वाटतं. सहकाऱ्याचा फटका गोलमागच्या फळीवर आदळून परत आला, पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, ओव्हेच्किनच्या स्टिकवर बसला आणि त्याने गिरकी घेता घेता बॅकहँडने तो आत ढकलला. सगळं आयुष्य ज्या तोफेसारख्या फटक्यासाठी तो ओळखला गेला, तो फटका या गोलमध्ये नव्हताच. होता तो पकवरचा ताबा.

माझं म्हणणं तेच आहे. आइस हॉकीतला फटका दंडाच्या ताकदीवर सुधारत नाही. आधी स्टिक ऐकायला लागते, मग वेग येतो.

२०२५च्याच ६ एप्रिलला त्याने वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला, तो गोल पुन्हा पाहा. समोर न्यूयॉर्क आयलंडर्सचा गोलरक्षक इल्या सोरोकिन. पॉवर प्ले चालू आहे, म्हणजे शिक्षेमुळे समोरचा एक खेळाडू बाहेर आहे. ओव्हेच्किन डाव्या वर्तुळात, म्हणजे गेली वीस वर्षं तो जिथे उभा राहतो तिथेच. तो उजव्या हाताने मारणारा, तरी डावीकडे उभा, कारण पलीकडून आलेला पास त्या बाजूला थेट त्याच्या पुढ्यात येतो आणि पक अडवण्यात वेळ जात नाही. पासबरोबर गोलरक्षकाला एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकावं लागतं आणि तो सरकत असतानाच फटका सुटतो. तो तिथेच उभा राहणार हे प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक असतं, तरी त्यांना तो थांबवता येत नाही.

आता त्याच्या तोफेसारख्या फटक्यात, म्हणजे स्लॅप शॉटमध्ये, नेमकं काय होतं ते पाहू. पाहणाऱ्याला वाटतं, स्टिक पकवर आदळली. खरं तर ती आधी पकच्या मागे काही इंचांवर बर्फाला लागते. खालच्या हाताचा आणि अंगाचा भार दांड्यावर येतो, दांडा धनुष्यासारखा वाकतो, आणि पकला भिडून सरळ होताना साठलेला जोर पकला देऊन टाकतो. हे सगळं सेकंदाच्या काही शतांशांत उरकतं. म्हणजे पकला लोटण्याचं मोठं काम दांडाच करतो. आपलं काम त्याला वाकवण्याचं.

म्हणून दांड्यावरचा छापील आकडा महत्त्वाचा. ८५ लिहिलं असेल तर तो दांडा एक इंच वाकवायला ८५ पौंड, म्हणजे ३८-३९ किलोंचा दाब लागतो. ढोबळ हिशेब असा की खेळाडूच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्मा आकडा घ्यावा. ४० किलोच्या मुलीला ४५च्या आसपासची स्टिक हवी. तिला मोठ्या भावाची ८५ची स्टिक कापून दिली, तर आखूड झालेला दांडा आणखी ताठ होतो. ती जीव तोडून मारते, दांडा वाकत नाही, पक जेमतेम सरपटतो, आणि बाकावरून कुणीतरी ओरडतं, ‘जोर लाव!’ हे ऐकलं की मला राग येतो. जोर ती लावतेच आहे. स्टिकच चुकीची आहे.

स्टिकच्या पात्याचा बाकही असाच हळूहळू उमगलेला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोच्या स्टॅन मिकिताचं पातं सरावात तडकून वाकडं झालं. वैतागून त्याने त्याच स्टिकने पक मारला आणि तो भलत्याच तऱ्हेने उडाला. मिकिता आणि बॉबी हल यांनी मग मुद्दाम पाती वाकवायला घेतली. पुढे बाकावर मर्यादा आली. १९९३च्या स्टॅनले कप अंतिम फेरीत दुसऱ्या सामन्याची पावणेदोन मिनिटं उरली असताना मॉन्ट्रियलच्या प्रशिक्षकांनी लॉस एंजेलिसच्या मार्टी मॅक्सॉर्लीचं पातं मोजायला लावलं. ते नियमापेक्षा जास्त वाकडं निघालं. तोवर २-१ने पुढे असलेल्या लॉस एंजेलिसला शिक्षा झाली, एरिक देजार्दांने बरोबरीचा गोल केला, मग जादा वेळेत विजयाचाही. ग्रेट्स्की त्याच लॉस एंजेलिस संघाचा कर्णधार होता. कप मॉन्ट्रियलने नेला, आणि त्यानंतर २०२५पर्यंत कॅनडातल्या एकाही संघाला तो मिळाला नव्हता. आज मर्यादा पाऊण इंचाची आहे.

शिकणाऱ्याने मात्र स्लॅप शॉटच्या मागे लागू नये. सुरुवात रिस्ट शॉटने करावी. आपल्या वाचकांना तो समजायला सोपा, कारण मैदानी हॉकीतला ड्रॅग फ्लिक त्याचा सख्खा भाऊ. पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीत सिंगने १० गोल केले, त्यातले त्याचे ड्रॅग फ्लिक आठवा. चेंडू आपटला जात नाही, स्टिकला चिकटून ओढला जातो. इथेही तसंच. पक मागच्या पायाच्या रेषेत, पात्याच्या टाचेशी. तिथून तो पुढे ओढत आणायचा आणि त्याच वेळी अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्यावर न्यायचा. खालचा हात ढकलतो, वरचा हात स्वतःकडे खेचतो, आणि या दोन हातांच्या ओढाताणीत दांडा वाकतो. पक टाचेकडून टोकाकडे लोळत जातो, त्याला फिरकी मिळते, आणि भोवऱ्यासारखा फिरणारा पक हवेत डगमगत नाही. शेवटी मनगटं वळतात. पात्याचं टोक जिकडे रोखलं जातं तिकडे पक जातो. टोक खाली राहिलं तर बर्फालगत, वर गेलं तर खांद्याच्या उंचीला. नजर पकवर नको, जाळीतल्या रिकाम्या जागेवर हवी. नवशिक्यांना हे सगळ्यात जड जातं.

गोलरक्षकाच्या बाजूनेही हे पाहायला हवं. १४ मीटरवरून ताशी १५० किलोमीटरने आलेला पक सुमारे एक तृतीयांश सेकंदात पोचतो. तेवढ्या वेळात पाहून हलणं जवळपास अशक्य. म्हणून तो पक नाही, हात आणि खांदे वाचतो. टोरांटोच्या ऑस्टन मॅथ्यूजने २०२३-२४च्या हंगामात ६९ गोल केले. त्याचं मोठं हत्यार म्हणजे मारण्याआधी पक झटकन स्वतःकडे ओढणं. गोलरक्षक ज्या कोनात उभा असतो, तो कोनच फटका सुटताना बदललेला असतो. कॅरममध्ये नुसता जोर लावणाऱ्यापेक्षा कोन साधणारा सोंगटी घेतो, तसंच हे.

आणि यातलं बरंचसं बर्फाशिवाय शिकता येतं. हा लेख लिहिण्याचं माझं खरं कारण हेच. जून २०२५मध्ये अल ऐन इथे भारताच्या मुलींनी आइस हॉकीच्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं, या स्पर्धेतलं आपलं पहिलंच. त्यातल्या बहुतेक जणी लडाखच्या. तिथे नैसर्गिक बर्फ हिवाळ्याचे दोन-तीन महिने टिकतो. उरलेले नऊ-दहा महिने मनगटांनी काय करायचं? आपल्याकडे रिंक बांधायच्या घोषणा होतात. रिंक हव्यातच, पण त्या उभ्या राहायला वर्षं लागतात. सनमायका लावलेला आठ बाय चारचा प्लायवूड कुठल्याही सुताराकडे मिळतो. त्यावर १७० ग्रॅमचा पक बऱ्यापैकी सरकतो. समोर भिंतीवर सहा फूट रुंद, चार फूट उंच ताडपत्री, म्हणजे खऱ्या गोलएवढीच, आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार खुणा. प्रत्येक मुलीला तिच्या वजनाला साजेशी स्टिक.

लडाखची तळी गोठण्याआधी महिना-दीड महिना हा सराव सुरू करावा. रोज शंभर फटके मारले, तर पहिल्या बर्फावर उतरण्याआधी तीन-चार हजार होतात.