ठेव अडकते, हप्ता अडकत नाही

बँक अडचणीत आल्याची बातमी आली की पहिला प्रश्न सगळे मोठ्याने विचारतात, आमच्या पैशांचं काय? दुसरा प्रश्न मात्र मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारला जातो. "मावशी, बँकच राहिली नाही तर कर्ज फेडायचं कोणाला? की सुटलो आम्ही?"

मी सहकारी बँकेत नोकरी केली, काउंटरवर आणि नंतर कर्ज विभागात. आता निवृत्त होऊन सांडोर गावी घरीच असते. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात कोणी ना कोणी पासबुक घेऊन गाठतंच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या गैरसमजापायी माणसं जास्त गोत्यात येतात. कर्ज सुटत नाही. एका रुपयाचंही नाही.

तुम्ही घेतलेलं कर्ज म्हणजे बँकेचं येणं. बँकेचा परवाना रद्द झाला की अवसायक नेमला जातो आणि ही येणी वसूल करणं हेच त्याचं मुख्य काम असतं, कारण त्यातूनच ठेवीदारांची देणी भागवायची असतात. दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं तर तुमचा करार, गहाणखत, जामीनदारांच्या सह्या, सगळं त्या बँकेकडे जातं. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांच्या काळातही व्याज चालूच राहतं. हप्ता चुकला तर सिबिलवर नोंद होते आणि जामीनदाराच्या दारात नोटीस जाते. म्हणून मी सांगते, बँकेत जा, हप्ता कसा भरायचा ते लेखी विचारा, भरा, आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. पुढे वही नव्या हातात गेल्यावर तुमच्या बाजूने बोलणारा तेवढाच कागद असतो.

एक गोष्ट मात्र कर्जदाराला दिलासा देणारी आहे. त्याच बँकेत तुमची ठेवही असेल तर बँकेला आपलं येणं त्या ठेवीतून वळतं करून घेण्याचा अधिकार आहे, आणि ठेवविम्याचा, म्हणजे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला असलेल्या संरक्षणाचा, हिशेब त्यानंतर होतो. समजा, ठेव सात लाख आणि देणं दोन लाख. वळतं झालं तर पाच लाख उरतात आणि ते पूर्ण विम्यात बसतात. पण हा अधिकार बँकेचा आहे. 'माझी ठेव अडकली, मी हप्ता भरणार नाही' असं ग्राहकाने परस्पर ठरवून चालत नाही.

आता पहिला प्रश्न. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं, म्हणजे पीएमसीचं, उदाहरण आपल्या पट्ट्यात समजावून सांगावं लागत नाही. त्या बँकेचा पैसा ज्या एचडीआयएल या बांधकाम समूहात अडकला, त्याच्या इमारती विरारमध्येच उभ्या आहेत. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि सुरुवातीला खातेदाराला जेमतेम १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. मर्यादा हळूहळू वाढत जून २०२०मध्ये एक लाखावर आली. एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के कर्ज, म्हणजे सुमारे ६,५०० कोटी रुपये, या एकाच समूहाकडे होतं आणि ते लपवण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवल्याचा आरोप आहे. कर्ज विभागात आयुष्य काढलेल्या मला हा आकडा वाचून संताप आला होता. आम्ही साध्या दुकानदाराला दोन जामीनदार आणल्याशिवाय उभं करत नव्हतो.

२५ जानेवारी २०२२पासून ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. कर्जदार युनिटीचे कर्जदार झाले. ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळाली. त्यापुढच्या रकमेसाठी वैयक्तिक ठेवीदारांना टप्पे ठरले: पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाअखेर प्रत्येकी ५० हजार, तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख, चौथ्या वर्षाअखेर अडीच लाख, पाचव्या वर्षाअखेर साडेपाच लाखांपर्यंत, आणि उरलेलं सगळं दहा वर्षांनी, म्हणजे २०३२ साली. ३१ मार्च २०२१नंतर व्याज थांबलं. विलीनीकरणाला पाच वर्षं झाल्यावर ते वर्षाला पावणेतीन टक्के. आयुष्याच्या कमाईवर औषधपाणी चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दहा वर्षं थांबायला सांगणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ला निर्बंध आले, तेव्हा पैसे काढणं पूर्ण बंद होतं; पण ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले. घेणारी बँक सक्षम आणि भगदाड आवाक्यातलं, इतकाच तो फरक.

ठेवींच्या या विम्याच्या जन्माशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. १९६०मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १९६२पासून देशात ठेवविमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ला ती एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२०पासून पाच लाख. विम्याचा हप्ता बँक भरते, ग्राहकाला वेगळं काही करावं लागत नाही. पूर्वी हे पैसे बँक अवसायनात निघाल्यावरच मिळत. सीकेपी बँकेचे ठेवीदार २०१४च्या निर्बंधांपासून २०२०पर्यंत लटकले, पुण्याच्या रुपी बँकेवर तर २०१३पासून निर्बंध होते. २०२१च्या कायदादुरुस्तीने हा खेळ थांबवला. आता निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची असते. त्यासाठी ठेवीदाराने संमतिपत्र, ओळखीची कागदपत्रं आणि दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक वेळेत द्यायचा. हे राहून गेल्यामुळे अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आमच्याकडे मोठी रक्कम घरात येते ती बहुधा वाडीचा तुकडा विकल्यावर, किंवा मुलगा आखातातून परतल्यावर. मग माणूस हुशारीने ती एकाच बँकेच्या तीन-चार शाखांत ठेवतो आणि निर्धास्त होतो. ही सुरक्षितता खोटी आहे. पाच लाखांची मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सर्व शाखा, बचत, मुदत ठेव आणि व्याज मिळून आहे. साडेचार लाखांच्या ठेवीवर लाखभर व्याज साचलं असेल तर पन्नास हजार रुपये विम्याबाहेर गेले. संयुक्त खात्याची मर्यादा मात्र वेगळी मोजतात, आणि नावांचा क्रम बदलला तर तेही वेगळं खातं धरलं जातं. लॉकरमधलं सोनं ठेवीत मोडत नाही; ते तुमचंच असतं, पण या विम्याचं संरक्षणही त्याला नाही.

आणि पतपेढ्या. आपल्या भागात गल्लोगल्ली पाट्या आहेत, मंडळी ओळखीची, व्याज पाऊण-एक टक्का जास्त. पतपेढी म्हणजे बँक नव्हे, आणि हा ठेवविमा तिला लागू नाही. ठेव ठेवायची तर हे माहीत असून ठेवा.

शेवटी एक विनंती, सोसायटी, मंडळ, देवस्थान किंवा शाळेचे पैसे सांभाळणाऱ्यांना. संस्थेलाही विमा पाच लाखांचाच आहे, मग तिच्या मागे दोनशे कुटुंबं का असेनात. पीएमसीच्या योजनेत संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्क्यांचे, रोख रकमेऐवजी, वर्षाला एक टक्का लाभांशाचे प्राधान्य समभाग करण्यात आले. इमारतीच्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा अशा कागदात बदलला तर गळकं छप्पर कशाने दुरुस्त करणार? तुमच्या सोसायटीचा निधी कोणत्या बँकेत किती आहे, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.