पाणी कितव्या पायरीवर?

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत, आम्ही राहतो त्या रेगेन्सबर्गच्या शाळांना उन्हाळी सुट्टी होती, म्हणून चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन आईकडे गेले आणि कृष्णेच्या महापुरात अडकले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही माडीवर. पोरगी जिन्याच्या तोंडाशी बसून बुडालेल्या पायऱ्या मोजत होती. “दरवर्षी असंच होतं का?” तिने आजीला विचारलं. “२००५ ला आलं होतं गं. पण एवढं नाही,” आई म्हणाली.

परतल्यावर २० सप्टेंबरच्या शुक्रवारी ती म्हणाली, मी आज शाळेत जाणार नाही, मोर्चाला जाणार. ग्रेटा थुनबर्गने आदल्या वर्षी स्वीडनच्या संसदेबाहेर एकटीने सुरू केलेलं आंदोलन ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’ या नावाने तोवर आमच्या शहरातही रुजलं होतं. मला शाळा बुडवणं पटेना. “आई, मत द्यायला मला अजून चार वर्षं आहेत. तोवर काय करू?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मीही तिच्याबरोबर गेले. पुठ्ठ्यावर तिने मराठीत लिहिलं होतं : ‘आजीच्या घरात पाणी शिरलं’. इथे ते कोण वाचणार? येणारा-जाणारा अर्थ विचारायचा, आणि ती प्रत्येकाला न कंटाळता सांगायची.

मताचा हा प्रश्न आमच्या घरात त्याच वर्षी फेब्रुवारीत निघाला होता. मधमाश्या आणि एकूणच जैवविविधता वाचवण्यासाठी आमच्या बव्हेरिया राज्यात नवा कायदा हवा, अशी मागणी होती. इथल्या पद्धतीप्रमाणे १४ दिवसांत राज्यातल्या किमान १० टक्के मतदारांनी सरकारी कचेरीत जाऊन, ओळखपत्र दाखवून सही करायची. माझा पासपोर्ट भारतीय, लेक लहान. आम्हा दोघींनाही सही करता येईना. मग ती शेजारच्या आजोबांना हाताला धरून थंडीत रांगेत घेऊन गेली. राज्यभरात १७ लाखांहून अधिक, म्हणजे १८ टक्क्यांवर मतदारांनी सह्या केल्या आणि जुलैत विधिमंडळाने कायदा मंजूर केला. आता नदी-ओढ्यांच्या काठची पाच मीटर जागा नांगरता येत नाही.

हवामानाचं काम मात्र इतक्या लवकर झालं नाही. २० सप्टेंबरला मुलं रस्त्यावर होती त्याच दिवशी बर्लिनमध्ये सरकारने हवामानाची योजना जाहीर केली, आणि डिसेंबरात कायदा आला. मुलांना तो अपुरा वाटला. लुइझा नॉयबाउअरसारखे तरुण कार्यकर्ते, पेलवॉर्म बेटावरच्या शेतकरी कुटुंबातली मुलं, असे बरेच जण घटना न्यायालयात गेले. न्यायाधीशांचं म्हणणं कुठल्याही गृहिणीला कळेल असं आहे. हवेत अजून किती कार्बन सोडायचा याला मर्यादा आहे. ती शिदोरी आजच्या लोकांनी २०३० पर्यंतच बहुतेक खाऊन टाकली, तर पुढच्यांना फार कडक निर्बंधांत जगावं लागेल. म्हणजे आजची ढिलाई हा त्यांच्या स्वातंत्र्यावरच घाला. हा निकाल २०२१ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला. काही आठवड्यांतच कायदा बदलला : १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत ५५ ऐवजी ६५ टक्के घट, आणि कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्याची मुदत २०५० वरून २०४५.

याचिका करणाऱ्यांत बांगलादेश आणि नेपाळची माणसंही होती. त्यांची मागणी मान्य झाली नाही, पण बाहेरच्यांचं गाऱ्हाणं ऐकणारच नाही, असंही न्यायालय म्हणालं नाही. माझ्यासारख्या सांगलीच्या मुलीला हे फार मोलाचं वाटतं.

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या शहरातल्या डोनाऊ (डॅन्यूब) नदीला पूर आला. नाब आणि रेगन या नद्या इथेच तिला मिळतात. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि पाऊस पडायला लागला की तो जास्त जोरात कोसळू शकतो. ३ जूनला शहरात आपत्ती जाहीर झाली. एकोणीस वर्षांची लेक मैत्रिणींबरोबर वाळूची पोती भरायला गेली. एकीने पोत्याचं तोंड धरायचं, दुसरीने फावड्याने भरायचं, पोतं दोन तृतीयांशच भरायचं, म्हणजे ते नीट चपटं बसतं. संध्याकाळी तिच्या तळहातांना फोड आले होते.

बाराव्या शतकातल्या दगडी पुलाच्या कमानींखाली गढूळ पाणी घोंघावत होतं. तेवढ्यात सांगलीहून फोन आला. आईने पहिला प्रश्न विचारला, “पाणी कितव्या पायरीवर आहे?”

लेक काठाशी गेली आणि मोजायला लागली.