फुकटच्या जमिनीचें मोल



इ. स. १८६२ च्या मे महिन्यांत, अमेरिकेंतील यादवी युद्ध ऐन भरांत असतां, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनीं एका कायद्यावर सही केली. 'होमस्टेड ॲक्ट' या नांवानें तो ओळखला जातो. एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या अथवा कुटुंबाचा प्रमुख असलेल्या कोणाहि नागरिकानें सरकारी जमिनीपैकीं १६० एकर निवडावी, तेथें घर बांधावें, पांच वर्षें वस्ती करून ती कसावी, आणि मग किरकोळ दप्तरी फीखेरीज कांहीं न देतां तिचा मालक व्हावें, असा त्याचा आशय होता. मुख्य भूमीवर हा कायदा १९७६ पर्यंत चालू राहिला. त्याखालीं सुमारें १६ लक्ष अर्जदारांना मिळून सुमारें २७ कोटि एकर जमीन मिळाली.

परंतु फुकट म्हणून जें मिळतें त्याचें मोल कोणी तरी, कोठें तरी देतच असतो. तें मोल आंकड्यांवरून उमगत नाहीं. एखाद्या संसाराकडे पाहिलें म्हणजे उमगतें. म्हणून आज मी आपणांस एका शेतकऱ्याची हकीकत सांगणार आहें. त्याचें नांव चार्ल्स फिलिप इंगल्स.

चार्ल्सचा जन्म १० जानेवारी १८३६ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील क्यूबा या गांवीं झाला. इंगल्स घराण्याच्या पायांस जणूं भिंगरीच होती. चार्ल्सचा बाप लॅन्सफोर्ड हा कॅनडांत जन्मलेला. त्यानें आपलें बिऱ्हाड न्यूयॉर्कहून इलिनॉयला आणि तेथून विस्कॉन्सिनला हलविलें. विस्कॉन्सिनमध्यें त्यांना शेजार लाभला तो क्विनर कुटुंबाचा. या कुटुंबाचा कर्ता पुरुष हेन्री क्विनर १८४५ सालीं मिशिगन सरोवरांत जहाज फुटून बुडाला होता. त्याच्या विधवेनें हालअपेष्टा सोसून मुलें वाढविलीं. पुढें या दोन घरांत एक नव्हे, तीन सोयरिकी जुळल्या. इंगल्सांचे दोन मुलगे आणि एक मुलगी यांचीं लग्नें क्विनरांच्या दोन मुली आणि एक मुलगा यांच्याशीं झालीं. आपल्याकडे ज्याला साटेंलोटें म्हणतात, तसाच हा प्रकार. त्यांपैकीं चार्ल्स आणि कॅरोलाइन यांचा विवाह १ फेब्रुवारी १८६० रोजीं झाला.

१८६३ सालीं चार्ल्सनें विस्कॉन्सिनमधील पेपिन गांवाजवळ अरण्यांत जमीन घेतली. तेथें १८६५ सालीं मेरी आणि १८६७ सालीं लॉरा या मुली झाल्या. झाडें तोडावीं, बुंधे उपटावे, मग नांगर धरावा, असे कष्टाचे ते दिवस होते. पण चार्ल्सचें मन पश्चिमेच्या मोकळ्या माळरानाकडे ओढ घेई. १८६८ सालीं त्यानें ती जमीन उधारीनें विकली आणि पुढच्या वर्षीं पांढऱ्या कनातीच्या छकड्यांतून तो कॅन्ससमध्यें पोंचला.

येथें या कथेंतील पहिला अवघड प्रश्न उभा राहतो. चार्ल्सनें कॅन्ससमध्यें ओंडक्यांचें घर बांधलें, विहीर खणली, जमीन नांगरली. पण ती जमीन सरकारी नव्हती, मग फुकट देण्याघेण्याची गोष्टच दूर. ती ओसेज नांवाच्या मूळ रहिवाशांसाठीं कराराप्रमाणें राखून ठेवलेली होती. चार्ल्ससारखे अनेक लोक कायद्याला न जुमानतां तेथें घुसले होते. लोकांचा लोंढा वाढूं लागला तेव्हां १८७० सालीं काँग्रेसनें कायदा करून ओसेजांना दक्षिणेस, हल्लींच्या ओक्लाहोमांत, हलविण्याची तजवीज केली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्या घरांत कॅरी ही तिसरी मुलगी जन्मली. एका घरांत पाळणा हलत होता आणि शेंकडों घरें उठत होतीं. चार्ल्स दुष्ट नव्हता; तो प्रेमळ बाप होता आणि सचोटीचा कष्टकरी होता. पण सज्जन माणसाच्या हातूनहि अन्याय घडतो, आणि बहुतेक वेळां तो घरासाठीं म्हणूनच घडतो.

इकडे पेपिनची जमीन घेणाऱ्याला पैसे भरतां आले नाहींत. तेव्हां १८७१ सालीं हें कुटुंब माघारें फिरलें आणि पूर्वींच्या अरण्यांतच आलें. परंतु चार्ल्सचा पाय तेथें फार काळ ठरला नाहीं. १८७४ सालीं तो मिनेसोटांत प्लम क्रीक ओढ्याच्या कांठीं गेला. तेथें गहूं उत्तम पिकतो, अशी ख्याति होती. गहूं उभाहि राहिला; पण १८७५ च्या उन्हाळ्यांत टोळांचे थवे आकाश झांकून उतरले आणि हिरवें म्हणून कांहीं उरलें नाहीं. चार्ल्स मजुरीसाठीं पायीं पूर्वेकडे गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें आपण पूर्णपणें निर्धन असल्याचें शपथपत्र करून सरकारी मदतींतून पीठ घेतलें. स्वावलंबनाचा अभिमान बाळगणाऱ्या मनुष्यास ती सही करतांना काय वाटलें असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. पुढच्या वर्षीं टोळांचीं अंडीं फुटलीं आणि उरलीसुरली आशाहि संपली.

दुर्दैव एकटें येत नाहीं. १८७५ च्या नोव्हेंबरांत या घरांत एकुलता एक मुलगा जन्मला होता. जमीन विकून कुटुंब आयोवाकडे निघालें असतां वाटेंतच, २७ ऑगस्ट १८७६ रोजीं, तो नऊ महिन्यांचा होऊन वारला. आयोवांतील बर ओक गांवीं चार्ल्सनें एका खाणावळींत काम केलें, आणखीहि बारीकसारीक कामें केलीं. १८७७ सालीं तेथें ग्रेस ही धाकटी मुलगी झाली. पुढें तें गांव सोडावयाचें ठरलें. तेव्हां भाड्याचें देणें फिटत नव्हतें. म्हणून रात्रीच्या अंधारांत गाडी जुंपली गेली. लॉरानें मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत हा प्रसंग वगळला आहे. तिच्या मूळ आत्मवृत्तांत मात्र तो आहे. मिनेसोटांत परतल्यावर १८७९ सालीं थोरल्या मेरीस भयंकर ताप आला आणि तिची दृष्टि कायमची गेली. लॉरानें पुस्तकांत त्याचें कारण लोहितांग ज्वर असें दिलें आहे. १८७९ चा तो आजार विषाणुजन्य मेंदूदाह असावा, असें वैद्यकीय संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें.

आणि आतां, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, चार्ल्सला ती फुकटची जमीन मिळावयाची वेळ आली. डाकोटा प्रांतांत रेल्वेचे रूळ पुढें सरकत होते. त्या कामावर त्यानें दुकान आणि हजेरी सांभाळण्याची नोकरी धरली. १८८० च्या फेब्रुवारींत त्यानें डी स्मेट गांवाजवळील जमिनीसाठीं अर्ज केला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांतच हिमवादळ झालें, आणि मग महिनेंच्या महिने वादळांमागून वादळें येत राहिलीं. जानेवारीपासून आगगाडी बंद पडली ती मे महिन्यापर्यंत आलीच नाहीं. कोळसा संपला, तेव्हां वाळलेल्या गवताच्या पेंढ्या पिळून त्या जाळल्या. पीठ संपलें, तेव्हां कॉफी दळण्याच्या लहानशा यंत्रांत गहूं भरडून त्याच्या भाकरी केल्या. हाताचीं बोटें गारठून सुजल्यामुळें चार्ल्सला आपलें व्हायोलिनहि वाजवतां येईना.

अखेर १८८६ सालीं जमिनीची मालकी सिद्ध झाली. पण पुढच्याच वर्षीं चार्ल्सनें गांवांत स्वतःच्या हातानें घर बांधलें आणि १८९२ सालीं ती जमीन विकून टाकली! कारण उघड आहे. त्या जमिनीनें त्याला कधीं पोसलेंच नाहीं. उलट सुतारकाम, रेल्वेचा पगार आणि मजुरी यांवर त्यानेंच जमिनीला पोसलें. मेरीला आयोवांतील अंधशाळेंत शिकवितां आलें, तेंहि केवळ शेतीवर नव्हे. तिला तेथें ठेवण्याच्या खर्चासाठीं लॉरानें सोळा वर्षेंहि पुरीं झालीं नसतां शाळेंत शिकविण्याची नोकरी धरली.

चार्ल्स ८ जून १९०२ रोजीं हृदयविकारानें वारला. कॅरोलाइन १९२४ सालीं गेली. चारी मुलींत मूल वाढलें तें एकट्या लॉराचें, आणि तिची ती मुलगी रोझ १९६८ सालीं निपुत्रिक वारली. या संसाराचा वंश तेथेंच संपला. परंतु लॉरानें पासष्टाव्या वर्षीं, १९३२ सालीं, पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि तिच्या लेखणीनें बाप अजरामर झाला. तिच्या पुस्तकांतून मूळ रहिवाशांविषयीं जें लिहिलें गेलें त्यामुळें २०१८ सालीं अमेरिकन ग्रंथालय संघाच्या बालवाङ्मय शाखेनें तिच्या नांवाचा पुरस्कार दुसऱ्या नांवानें देण्याचें ठरविलें. म्हणजे कॅन्ससमध्यें उभा राहिलेला प्रश्न दीडशें वर्षांनीं पुन्हा समोर आला.

डी स्मेटजवळच्या त्या जमिनीवर चार्ल्सनें आपल्या बायकोच्या आणि मुलींच्या नांवानें कॉटनवुड जातीचीं झाडें लावलीं होतीं. वृक्षहीन माळावर तीं वाढलीं. शेत दुसऱ्याचें झालें, वंश खुंटला, पण झाडांची सावली राहिली. फुकट जमिनीचें मोल दोन बाजूंनीं चुकतें झालें: ज्यांची ती होती त्या ओसेज आणि डाकोटा लोकांनीं घरें गमावून, आणि ज्यानें ती घेतली त्यानें मुलगा, मुलीची दृष्टि आणि आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें देऊन. चार्ल्सची कीर्ति गातांना एकच बाजू सांगितली, तर ती अर्धीच हकीकत होईल.