शिळेवरील नाव

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, जुन्या शिवालयांच्या आवारात अथवा गावाच्या वेशीपाशी, वीरगळ नावाच्या शिळा आढळतात. शिळेवर एकावर एक असे तीन-चार कप्पे कोरलेले असतात. तळच्या कप्प्यात लढताना पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि अगदी शिखरावर चंद्र आणि सूर्य. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर या पुरुषाची कीर्ती राहो, असा त्या खुणेचा अर्थ. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नाही. ज्यांनी ती शिळा उभी केली त्यांना तो कोण हे ठाऊक होते; लिहून ठेवण्याची आवश्यकता त्यांस वाटली नाही. चार-सहा पिढ्या उलटल्या आणि जाणणारे निघून गेले. शिळा राहिली, चंद्र-सूर्य राहिले. नाव मात्र गेले.

सैनिकाचे स्मरण हा विषय मांडताना मी वीरगळापासून आरंभ करतो, तो याच कारणाने. स्मारक उभारणे आणि स्मरण राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली दगडाने होते. दुसरीला नाव लागते, आणि ते नाव उच्चारणारे कोणी तरी लागते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धाच्या काळात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसे समुद्रापार गेली, आणि त्या युद्धात मृत्यू पावलेल्या हिंदी सैनिकांची संख्या सुमारे ७४ हजार मानली जाते. मराठी मुलुखातून गेलेल्यांत सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांचा वाटा मोठा होता. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक आजही 'मिलिटरी' हा शब्द सहजपणे जोडतात. त्या युद्धात प्राण दिलेल्या गावच्या ४६ जणांचे स्मारक तेथे आहे. देशात इतरत्रही, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या अशा लहान पाट्या दिसतात. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. आकडा असतो, नावे बहुधा नसतात.

ही माणसे गेली कोठे? मराठी पलटणींच्या दृष्टीने या प्रश्नाचे मुख्य उत्तर मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, हे आहे. तेथे प्रथम उतरलेल्या सैन्यात सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठाने हे सैन्य बगदादच्या दिशेने पुढे गेले, मागे रेटले गेले, आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावी वेढले गेले. वेढा जवळपास पाच महिने चालला. शिधा संपत आला, तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. त्यांतील अनेकांना वाळवंटातून पायी चालवत नेण्यात आले. पुष्कळ हिंदी शिपायांना रास-अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या बांधकामावर जुंपण्यात आले. वाटेत आणि छावणीत किती तरी जण मेले. त्यांची चिता पेटली की नाही, कोणी पाणी सोडले की नाही, हे घरच्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. कोकणातील कित्येक घरांत 'तो बसऱ्याला गेला' एवढे एकच वाक्य मागे उरले. बसरा हे तेथील बंदर. परंतु घरच्या बोलण्यात ते परत न येण्याच्या ठिकाणाचे नाव होऊन बसले.

याच बसऱ्याला त्या मोहिमेतील, ज्यांचे दफन-दहनस्थान अज्ञात आहे अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. ज्या संस्थेने ते उभारले ती युद्धसमाधी-संस्था १९१७ साली स्थापन झाली होती. मृतांमध्ये हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करावयाचा नाही, प्रत्येकाचे स्मरण त्याच्या नावाने करावयाचे, हे तिचे मूळ तत्त्व. तत्त्व थोर होते, यात शंका नाही. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या हिंदी स्मारकावर ते पाळलेही गेले; तेथे सुमारे ४,७०० हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. बसऱ्यास मात्र ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले आणि हिंदी अधिकाऱ्याचेही. साधा हिंदी शिपाई केवळ त्याच्या पलटणीच्या नावाखाली एका आकड्यात सामावला गेला. त्याचे नाव राहिले ते नोंदवहीत, दगडावर नव्हे. युरोपात मेला तर नाव आणि अरबस्तानच्या वाळूत मेला तर संख्या, असा हा न्याय होता.

ही गोष्ट शतकभर फारशी चर्चेत आली नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्याच संस्थेने आपल्या जुन्या व्यवहाराची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी तेथील संसदेत त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेल्या क्षमेने कोणाची आई शांत होणार नाही, हे खरे. तरी नाव गाळणे हा अन्याय आहे, एवढे त्यामुळे कागदावर आले.

आपल्याकडील स्मारकांचा इतिहासही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. दिल्लीच्या इंडिया गेटची पायाभरणी १९२१ साली झाली आणि १९३१ साली ते पुरे झाले. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. परंतु ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी, त्याच कमानीखाली अमर जवान ज्योत प्रज्वलित झाली. स्वतंत्र भारताच्या सैनिकांसाठी निराळे राष्ट्रीय स्मारक व्हावयास मात्र २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २५ फेब्रुवारीस खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात पंचवीस हजारांहून अधिक नावे ग्रॅनाइटवर सुवर्णाक्षरांनी कोरलेली होती. त्यांत नंतर भर पडत गेली आहे. २०२२ च्या जानेवारीत इंडिया गेटखालील ज्योत तेथील ज्योतीत विलीन करण्यात आली. या स्मारकाचे माझ्या मते खरे मोल त्याच्या भव्यतेत नाही. मराठवाड्यातल्या किंवा कारवारातल्या एखाद्या खेड्यातून आलेली बहीण तेथे आपल्या भावाच्या नावावर बोट ठेवू शकते, हे त्याचे मोल.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९४७ पूर्वीचे हे शिपाई परक्या सत्तेसाठी लढले. त्यांचे स्मरण आपण का करावे? त्याचे उत्तर असे की, स्मरण माणसाचे करावयाचे आहे, साम्राज्याच्या हेतूचे नव्हे. भरतीला जाणारा तरुण कोणत्या राजकारणासाठी जात नव्हता. खाचरातील भात आठ महिने पुरत नव्हते, थोरल्या भावाने तोच मार्ग धरला होता, आणि घरी मनीऑर्डर यावयास हवी होती, म्हणून तो गेला. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची सर्व तुकडी मशीनगनच्या माऱ्याखाली मृत वा जखमी झाली, तेव्हा ते एकटे पुढे धावले, ते ठाणे त्यांनी जिंकले आणि तेथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याच देशात सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी आपले जखमी सोबती सुरुंगांच्या पट्ट्यातून आणि खोल पाण्यातून पाठीवर वाहून आणले, आणि नंतर शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. हेच ते मराठी शिपाई. आणि १९४७ नंतर याच पलटणींनी काश्मीरपासून पुढे देशाचे रक्षण केले. त्यांचे धैर्य परक्याच्या खात्यावर लिहून मोकळे होणे न्याय्य नाही. तसेच, ज्यांनी परकी निष्ठा झुगारून आझाद हिंद फौजेत नाव घातले, त्यांचेही स्मरण त्याच घरांतून व्हावयास हवे. स्मरणाच्या ओटीवर दोघांना जागा आहे.

घरातील सेवेची स्मृती समाजाला किती बळ देऊ शकते, याचे मोठे उदाहरण महार समाजाच्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. पुढे काही वर्षांतच लष्करात महारांची भरती बंद झाली. निवृत्त लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तो आपल्या वाडवडिलांच्या चाकरीचा दाखला देऊनच. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंट स्थापन झाली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. आजोबांची पलटण कोणती हे लक्षात ठेवणे म्हणजे केवळ अभिमान नव्हे. प्रसंगी तो हक्काचा पुरावा असतो.

मृतांइतकेच स्मरण हयातांचेही आहे. सात डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो; त्या दिवशी जमणारा निधी युद्धविधवा, अपंग जवान आणि माजी सैनिक यांच्या साहाय्यास जातो. जनरल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी सेवानिवृत्त झाले. तो दिवस अलीकडे, २०१६ पासून, माजी सैनिक दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाल-श्रीफळ द्यावे, हे योग्यच. परंतु सरकारी कचेरीत बसणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. पतीच्या सेवापुस्तकात पत्नीचे माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आणि बँकेत तिसरेच, एवढ्या कारणावरून वृद्ध स्त्रीचे कुटुंबनिवृत्तिवेतन अडून राहते. पलटणीच्या कारकुनाने मराठी नाव ऐकले तसे इंग्रजीत लिहिले. त्या एका अक्षराचा भुर्दंड चाळीस वर्षांनी विधवेला पडतो. अशा वेळी तिच्यासोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढणारा शेजारी, किंवा तिची कागदपत्रे त्याच दिवशी हातावेगळी करणारा कारकून, हा शालीहून मोठा सन्मान करतो. बसऱ्याच्या दगडावर जे झाले तेच लहान प्रमाणात येथे होते. नाव नीट लिहिले गेले नाही, की माणूस हरवतो.

तेव्हा श्रोत्यांस माझे सांगणे साधे आहे. ज्यांच्या घरातील कोणी सैन्यात होते त्यांनी, वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर, त्या माणसाचे पूर्ण नाव, गाव, पलटण आणि क्रमांक एका वहीत उतरून घ्यावा. पहिल्या महायुद्धातील पदक घरात असेल तर त्याची कड उजेडात धरून पाहावी. शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण त्या कडेवर ठोकलेली असते. डिस्चार्ज बुक जपून ठेवावे. युद्धसमाधी-संस्थेच्या नोंदवह्या आता कोणालाही पाहता येतात. त्यांत शिपायाच्या नावापुढे अनेकदा बापाचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला असतो. शोधताना नावाची चार-पाच निरनिराळी इंग्रजी रूपे करून पाहावीत. सापडलेले नाव ग्रामपंचायतीस आणि शाळेस कळवावे, म्हणजे जेथे आज नुसता आकडा आहे तेथे उद्या नावे लावता येतील.

मराठी माणूस आज नोकरीधंद्यानिमित्त देशभर पसरलेला आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे वाढणाऱ्या मुलांना गावच्या चावडीवरची पाटी दिसत नाही. त्यांच्यासाठी ती वही हीच शिळा. सर्वपित्रीला आपण तीन पिढ्यांची नावे घेतो. ज्याचा वंश पुढे चालला नाही अशा एखाद्या चुलत-आजोबाचे नाव त्यांत बहुधा नसते, आणि तरुणपणी परमुलखात पडलेला शिपाई पुष्कळदा असाच निपुत्रिक असतो. त्याचे नाव घेण्यास शास्त्राची आडकाठी नाही. ते माहीत असले की पुरे.