फेरात एक जागा नवागतासाठी

पेण तालुक्यातील डोलवी हे धरमतर खाडीच्या परिसरातील गाव. पोलाद कारखान्यामुळे येथे दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबे येतात. अशा वस्तीत शेजाऱ्याची ओळख बहुधा नावापुरती राहते. ती स्नेहात बदलण्याची संधी नवरात्रातील दांडियारास देतो.

या नृत्याची रचनाच परिचयाला अनुकूल आहे. दोन ओळी समोरासमोर उभ्या राहतात. टिपऱ्यांचे ठरावीक टोले झाले की प्रत्येक जण एक स्थान सरकतो आणि समोर नवा चेहरा येतो. अमेरिकेतील ‘कॉन्ट्रा’ या लोकनृत्यातही अशाच ओळी असतात. तेथे वादन सुरू होण्यापूर्वी एक मार्गदर्शक सर्वांकडून पावले करवून घेतो व नाचतानाही पुढची हालचाल पुकारतो. त्यामुळे प्रथमच आलेली व्यक्तीही संकोच न करता सामील होते.

आपल्याकडे मात्र पुष्कळदा परिचितांचे गट आपापले वर्तुळ बांधतात. अवघड पावले आणि बक्षिसांची ईर्षा यांमुळे नवखा माणूस कडेलाच उभा राहतो. गुजरातच्या गरब्याला युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हा वारसा जपायचा तर कडे रुंद व्हायला हवे.

उपाय खर्चिक नाहीत. आरंभीची पंधरा मिनिटे साध्या पावलांसाठी राखावीत. टिपऱ्यांच्या काही जोड्या जादा ठेवाव्यात. जाणत्या भगिनींनी नवख्यांच्या शेजारी उभे राहावे. छापील निमंत्रणापेक्षा ‘या ना, आमच्या ओळीत या’ हे शब्द मनाला अधिक लवकर पोहोचतात.